तोत्तोरीची वाळू आणि कोमात्सुयोइगुसा: एका पिवळ्या फुलाचं प्रकरण

जपान समुद्राच्या काठावर तोत्तोरी नावाचं एक शांत शहर आहे. त्याला लागून वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. पूर्व-पश्चिम साधारण १६ किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे अडीच किलोमीटर असा हा पट्टा. देशातली सर्वांत नावाजलेली वाळू कुठली असं जपानी माणसाला विचारलं, तर बहुधा हेच नाव ऐकायला मिळेल. दर उन्हाळ्यात या वाळूवर सकाळी लवकर स्वयंसेवक जमतात, हातमोजे चढवतात आणि ओणवे होऊन तण उपटायला लागतात. उपटलेल्या तणात एक वनस्पती ठळक असते. तिला तिथे कोमात्सुयोइगुसा म्हणतात. ती ईव्हनिंग प्रिमरोजच्या कुळातली, मुळची उत्तर अमेरिकेची, फिकट पिवळ्या फुलांची आणि संध्याकाळी उमलणारी.

ओसाड वाळूत आपणहून आलेली हिरवळ माणसं मेहनतीनं काढून टाकतात, हे ऐकायलाही विचित्र वाटतं. आपल्याकडे माळ हिरवा करायला लोक घाम गाळतात. म्हणूनच हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं. परदेशी तण आलं, त्यानं नासधूस केली, आता त्याला हाकलायचं, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. तोत्तोरीत मात्र ती अर्धीच खरी आहे. तण फोफावलं ते वाळू थांबली म्हणून. वाळू थांबवली माणसांनी, आणि ती थांबवण्यामागे त्यांची कारणं अगदी खरी, पोटापाण्याची होती. माझं म्हणणं एवढंच आहे की या फुलाकडे गुन्हेगार म्हणून बघण्यापेक्षा लक्षण म्हणून बघितलं, तर काय करायचं ते अधिक स्पष्ट दिसतं. उपटणं त्यातून सुटत नाही, पण नुसत्या उपटण्यावर भागतही नाही.

वनस्पती कशी आहे

शास्त्रीय नाव ईनोथेरा लॅसिनिएटा. मूळ घर उत्तर अमेरिकेचा पूर्व आणि मध्य भाग. जपानमध्ये ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचली. आज ती समुद्रकिनारे, नद्यांचे वाळवंटी काठ आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा अशा ठिकाणी दिसते. आपल्याकडे पाणथळ जागी उगवणारी पिवळ्या फुलांची पाणलवंग याच घराण्यातली, त्यामुळे चार पाकळ्यांचं ते साधं फूल आपल्या डोळ्यांना अगदीच परकं नाही.

हिवाळ्यात ही वनस्पती जमिनीला चिकटून असते. कातरलेल्या, नागमोडी कडांची, बारीक लव असलेली पानं चक्राकार पसरलेली असतात आणि त्यांच्या मधोमध एक सोटमूळ सरळ खाली उतरलेलं असतं. हवा तापायला लागली की मधल्या बुंध्यातून फांद्या फुटतात. त्या वर जात नाहीत, वाळूवर चहूबाजूंना सरपटतात, फक्त टोकं तेवढी वर वळतात. वाळूच्या दृष्टीनं हे आडवं पसरणं फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

फूल दोन-अडीच सेंटिमीटरचं असतं, पानाच्या बेचक्यात एकटं. दिवस कलला की निदलं मागे वळतात आणि टोकाशी किंचित खाच असलेल्या चार पाकळ्या पसरतात. मधोमध कुक्षीचे चार हात अधिकच्या खुणेसारखे उघडलेले असतात. पराग बोटाला लावून बघितले तर सुटी पूड लागत नाही. पराग बारीक चिकट तंतूंत गुंतलेले असतात आणि बोट उचललं की कोळिष्टकासारखे ओढले जातात. रात्री येणाऱ्या पतंगांच्या अंगाला हे तंतू चिकटतात. दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत फूल मिटतं आणि मिटताना पिवळा रंग नारिंगी-तांबूस होतो. त्यामुळे सकाळच्या वेळी एकाच फांदीवर पिवळी आणि विटकरी अशी दोन्ही फुलं दिसतात. लांबून ओळखायला ही खूण पुरेशी आहे. नंतर लांबट, जराशी वाकलेली शेंग धरते. ती वाळली की टोकाकडून चार फाका होऊन उकलते आणि आतलं बारीक बी वाळूत सांडतं.

पतंग आले तर उत्तम, नाही आले तरी अडत नाही. हे फूल स्वतःच्याच परागांनी बी धरतं. एकटं रोप मोकळ्या जागेत पोचलं तरी वस्ती सुरू करायला त्याला जोडीदार लागत नाही.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण या कुळाची ही बाजू फार कमी लोकांना माहीत असते. १८८६ मध्ये ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला हिल्वरसमजवळच्या एका पडीक बटाट्याच्या शेतात ईनोथेराची रोपं दिसली. त्यांत त्याला अचानक वेगळी निघालेली रोपं सापडली आणि त्यावरून त्यानं उत्परिवर्तनाचा आपला सिद्धांत उभा केला. त्याचं पुस्तक १९०१ ते १९०३ या काळात आलं. पुढच्या संशोधकांना कळलं की त्यानं पाहिलेल्या बदलांपैकी बरेचसे त्याला वाटले तशा अर्थाची उत्परिवर्तनं नव्हतेच. ईनोथेराच्या अनेक जातींत गुणसूत्रं एकमेकांना जोडून कडी करतात आणि पुढच्या पिढीत दोन ठरलेल्या संचांतच जातात. कोमात्सुयोइगुसाही याच प्रकारातली आहे. त्याचा परिणाम असा होतो की संकराचा जोम टिकतो आणि लेकरं मात्र जवळजवळ आईच्याच साच्यातली निघतात. एखाद्या जागी एक वाण जमला, की तोच वाण बियांतून पुन्हा पुन्हा उतरत राहतो. नव्या मुलखात पाय रोवायला याहून सोयीचं काय असणार?

जपानला हे कूळ आवडतं

उपटणाऱ्यांच्या मनात या फुलाविषयी द्वेष असेल असं समजू नये. या कुळातली चिलीहून आलेली मात्सुयोइगुसा १८५१ च्या सुमारास बागेतलं फूल म्हणून जपानला आली. मोठ्या फुलांची ओओमात्सुयोइगुसा मेइजी काळाच्या सुरुवातीला, १८७० च्या आसपास आली. दोघीही बागेबाहेर पडल्या आणि नदीकाठांवर, माळांवर, रेल्वेच्या कडेनं रानटी वाढू लागल्या. दोन-तीन पिढ्यांत त्या इतक्या आपल्याशा झाल्या की तैशो काळातल्या (१९१२ ते १९२६) एका अतिशय लोकप्रिय गीतात वाट पाहणाऱ्या प्रेमिकेची खूण म्हणून याच कुळातलं फूल आलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस एका नामांकित कथाकारानं फुजी पर्वतासमोर त्याला उभं केलं. त्याची ती ओळ मिसाका घाटात दगडावर कोरलेली आहे. अमेरिका खंडातून आलेलं फूल फुजीला शोभतं, असं जपानी वाचक आजही मनापासून मानतात.

मग तोत्तोरीतच त्याच्यावर वाकडी नजर का? उत्तर फुलात शोधून सापडत नाही. ते वाळूत आहे.

हलती वाळू म्हणजे काय

तोत्तोरीच्या दक्षिणेला चुगोकूचे डोंगर आहेत. तिथला ग्रॅनाइट झिजतो, सेंदाई नदी ती वाळू वाहून समुद्रात टाकते, लाटा आणि प्रवाह ती किनाऱ्याशी परत आणतात आणि हिवाळ्यातला बोचरा वायव्य वारा ती उचलून जमिनीकडे ढकलतो. हजारो वर्षं हे चाललं आणि टेकड्या उभ्या राहिल्या. त्यातली उमानोसे नावाची कड सुमारे ४७ मीटर उंच आहे. मध्ये खोलगट वाट्या आहेत, एका खोलगटात पाणी साचून तात्पुरतं तळं होतं. सेकंदाला ५-६ मीटर वेगानं वारा सुटला की पृष्ठभागावर बारीक लाटांची नक्षी उठते. लोक मुद्दाम पहाटे जाऊन ती बघतात, कारण दुपारपर्यंत पावलांनी ती मोडून जाते. ही नक्षी उठते, मोडते आणि पुन्हा उठते. वाळू हलती आहे याचा तोच पुरावा. हलणं थांबलं तर उरतो तो वाळूचा ढिगारा, आणि ढिगाऱ्यावर झाडोरा यायला वेळ लागत नाही.

या हलत्या वाळूतही स्थानिक वनस्पती आहेत आणि त्यांचं जगणं अचंबित करणारं आहे. हामागो ही आपल्या निर्गुंडीची जवळची नातेवाईक, जमिनीलगत पसरणारी आणि निळ्या-जांभळ्या फुलांची. वाळूनं फांदी गाडली की गाडलेल्या भागाला मुळं फुटतात आणि शेंडा पुन्हा वर येतो. कोबोमुगी हे लव्हाळ्याच्या जातीचं गवत. वाळू जितकी चढते तितका त्याचा भूमिगत दांडा वर सरकतो. हामाहिरुगाओ ही मर्यादवेलीच्या घराण्यातली, तशाच फिकट गुलाबी फुलांची. गाडलं जाणं, उघडं पडणं, खारा वारा, भाजणारी वाळू हे सगळं सोसणं हीच या मंडळींची ताकद. सुपीक, स्थिर जमिनीवर मात्र त्या मागे पडतात. तिथे जलद वाढणारं कुठलंही सामान्य तण त्यांना सावलीत घेऊन संपवतं. वारा आणि वाळू त्यांना जितका त्रास देतात, तितकंच त्यांचं रक्षणही करतात, कारण बाकीच्यांना तो त्रास सोसत नाही.

कीटकांचंही तसंच आहे. कावारा-हान्म्यो नावाचा शिकारी भुंगेरा उघड्या वाळूवर सुसाट पळतो आणि त्याची अळी वाळूत सरळ बीळ करून तोंडाशी दबा धरून बसते. जपानमध्ये कित्येक किनाऱ्यांवरून आणि नदीकाठांवरून तो नाहीसा झाला आहे. तोत्तोरी हे त्याच्या उरलेल्या ठिकाणांपैकी एक. गवताच्या जाळीत तो जगू शकत नाही.

वाळू कोणी थांबवली

आजच्या पर्यटकाला ही वाळू सुंदर दिसते. तिच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याला ती शेकडो वर्षं संकट वाटत आली. वारा सुटला की वाळू शेतात, विहिरीत, घरात शिरायची. वाळूत पीक घ्यायचं म्हटलं तर पाणी धरत नाही. उन्हाळ्यात दुपारी पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो. अशा जमिनीत पिकं जगवायची तर उथळ विहिरींतून पाणी काढून, बादल्या खांद्यावर घेऊन ओळीओळीनं घालायला लागायचं, आणि ते काम बहुतांशी घरच्या बायकांच्या वाट्याला यायचं. वाळूतल्या त्या शेतीला ‘सुनेचा जीव घेणारी’ असं नाव पडलं होतं. हे वाचल्यानंतर वाळू थांबवणाऱ्यांना दोष देण्याची माझी तरी हिंमत होत नाही.

दुसरं महायुद्ध संपेपर्यंत टेकड्यांचा मोठा भाग लष्कराच्या सरावासाठी राखीव होता, म्हणून त्यावर झाडं लागली नाहीत. युद्धानंतर ती जमीन मोकळी झाली. देश उपाशी होता. १९५३ मध्ये किनारपट्टीच्या वालुकामय भागातल्या शेतीसाठी खास कायदा झाला, निधी आला आणि वाळू बांधून ठेवण्याची कामं सुरू झाली. आधी वाळू अडवायला कुंपणं, मग काळ्या पाइनची रोपं. जपानच्या किनाऱ्यांवर अशा लागवडीत जमिनीत नत्र यावं म्हणून पाइनच्या जोडीला रोबिनिया लावायची पद्धत होती. तेही उत्तर अमेरिकेचंच झाड, मात्र माणसांनी मुद्दाम आणून लावलेलं. आपल्या कोकण किनाऱ्यावर सुरूची बनं लावली गेली त्यामागचा विचार याहून वेगळा नव्हता. तोत्तोरी विद्यापीठातल्या संशोधकांनी वाळूतल्या शेतीवर दशकानुदशकं काम केलं, तुषार सिंचन आलं, बादल्या सुटल्या. आज या वाळूत राक्क्यो हा कांदा-लसणाच्या जातीतला छोटा कंद, कलिंगडं आणि लांब कोनफळ-वर्गी कंद पिकतात. शरद ऋतूच्या शेवटी राक्क्योची शेतं जांभळ्या फुलांनी भरून जातात. ही बायकांच्या खांद्यावरून बादली उतरवणारी प्रगती होती. ती झाली हे बरंच झालं.

सगळीच वाळू झाडांखाली जाऊ नये म्हणून त्या वेळी आवाज उठवणारेही होते. योशिदा शोया हे तोत्तोरीचे कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि लोककलेच्या चळवळीतले मोठे कार्यकर्ते. वाळूच्या टेकड्यांचा एक भाग तरी जसा आहे तसा राखावा यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. १९५५ मध्ये टेकड्यांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. संरक्षित गाभा आज सुमारे १४६ हेक्टरचा आहे. १९६३ मध्ये सानइन किनारा राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात हा भाग आला. २०१० मध्ये हा किनारा जागतिक भूउद्यानांच्या जाळ्यात गेला.

कागदावर वाळू वाचली. पण रेषा आखून वारा वाचवता येत नाही, आणि खरं दुखणं तिथेच सुरू झालं. संरक्षित गाभ्याच्या भोवती पाइनचे पट्टे वाढले, त्यांनी वाऱ्याचा जोर मोडला. नदीतून होणारा वाळूउपसा आणि बंदराचे लाटारोधक बांध यांनी समुद्रातून येणाऱ्या ताज्या वाळूचं गणित बदललं. आत काहीही लावलं नाही, तरी आतली वाळू हळूहळू निवांत झाली.

हिरवी होत गेलेली वाळू

१९८० च्या दशकात लोकांच्या लक्षात यायला लागलं की टेकड्यांवर गवत वाढतं आहे. वाळूतल्या जुन्या वनस्पती काही ठिकाणी दाट झाल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या जागांत एरवी शेतात किंवा रस्त्याकडेला दिसावीत अशी तणं शिरली होती. त्यात कोमात्सुयोइगुसा होती, तिच्यासारखीच उत्तर अमेरिकेतून आलेली ओओफुताबामुगुरा होती आणि मेहिशिबा हे तणगवतही होतं. मेहिशिबा परदेशी नाही, ते जपानमधल्या शेताशेतांत सापडणारं तण आहे. ही यादी मला बोलकी वाटते. अडचण फक्त परकेपणाची असती तर मेहिशिबाचं नाव तिच्यात आलंच नसतं. स्थिर झालेल्या वाळूवर जगू शकणारं जे जे जवळपास होतं, ते ते आत आलं.

कोमात्सुयोइगुसा या कामासाठी जणू घडवलेलीच आहे. बी बारीक, ते वाळूच्या कणांबरोबर घरंगळतं, बुटांना चिकटून फिरतं. वाळू दर आठवड्याला बदलत असेल तर उगवलेलं रोप एक तर गाडलं जातं किंवा मुळं उघडी पडून वाळतं. तेच वाळू एक हिवाळा जरी जागेवर राहिली, तरी पानांचं चक्र पसरायला आणि सोटमूळ ओलाव्यापर्यंत उतरायला तेवढा वेळ पुरतो. मग फांद्या चहूबाजूंना आडव्या पसरतात आणि जमिनीलगतचा वारा मंद करतात. वाळूचा कण उड्या मारत पुढे जातो, आणि त्या उड्या जमिनीपासून काही सेंटिमीटरांतच असतात. नेमक्या त्याच उंचीवर ही वनस्पती आडवी पडलेली असते. कण अडकतो, वाळू आणखी थोडी स्थिर होते, शेजारी दुसऱ्या रोपाला जागा मिळते. वाळलेली पानं कुजून थोडा सेंद्रिय अंश येतो आणि त्यावर इतर तणं येतात. स्थिर वाळूमुळे तण वाढतं आणि तणामुळे वाळू आणखी स्थिर होते. एकदा हे चक्र फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

म्हणून ती लक्षण आहे असं मी म्हणतो तेव्हा ती निरुपद्रवी आहे असं मुळीच म्हणत नाही. ताप हेही लक्षणच असतं, आणि फार चढला तर आधी तोच उतरवावा लागतो.

उपटणं

१९९० च्या दशकापासून तोत्तोरीत पद्धतशीर तण काढायला सुरुवात झाली. मोकळ्या सपाट भागात यंत्रं वापरली गेली, बाकी काम हातानं. २००४ पासून स्वयंसेवकांनाही बोलावलं जाऊ लागलं. गावातल्या संस्था, कंपन्यांचे कर्मचारी, शाळांतली मुलं, सुट्टीत आलेली कुटुंबं असे सगळे येतात. वेळ सकाळची, कारण नंतर वाळूवर हात टेकवत नाही.

हातानं उपटणं हे वरकरणी सोपं काम आहे. कोमात्सुयोइगुसा मात्र सोटमुळाची आहे. फांद्या धरून ओढलं तर फांद्या तुटून हातात येतात, बुंधा वाळूत राहतो आणि पुन्हा फुटतो. फांद्या बाजूला सारून मधला बुंधा शोधायचा, बोटं वाळूत घालून मूळ शक्य तितकं खालून धरायचं आणि सरळ वर ओढायचं. ओल्या वाळूत मूळ बरंच सलग निघतं, कोरड्या वाळूतही निघतं, पण मध्येच घट्ट झालेला थर असला की कटकन मोडतं. ज्या जागी वाळू जास्त थांबली आहे, तिथेच मूळ जास्त मोडतं, म्हणजे जिथे उपटण्याची गरज सर्वांत जास्त तिथेच काम सर्वांत अवघड.

बियांची अडचण त्याहून मोठी. शेंगा उकलल्यावर उपटलं तर उपटणाराच बी पेरत चालतो. आणि वाळूत पडलेलं बी किती वर्षं जिवंत राहील? कोमात्सुयोइगुसाच्या सख्ख्या बहिणीचं, ईनोथेरा बायेनिसचं, एक जुनं प्रमाण हाताशी आहे. विल्यम जेम्स बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात वीस बाटल्यांत निरनिराळ्या तणांचं बी वाळूत मिसळून पुरलं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी उगवतं का ते बघायचं, असा तो प्रयोग. ऐंशीव्या वर्षी काढलेल्या बाटलीतही ईनोथेरा बायेनिसचं काही बी उगवलं. दोन जाती वेगळ्या, परिस्थिती वेगळी, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा तोत्तोरीला लावता येणार नाही. पण एका उन्हाळ्यात जागा स्वच्छ केली म्हणजे संपलं, या भ्रमात कोणी राहू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

फवारणीचा मार्ग आपल्या शेतकरी वाचकांच्या मनात येईल. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत, कमी नांगरट करणाऱ्या कापूस उत्पादकांना हीच वनस्पती छळते, कारण ग्लायफोसेटला ती सहजासहजी दाद देत नाही. दुसरी तणनाशकं आहेत. पण जिथे शेजारीच हामागो आणि हामाहिरुगाओ आहेत, वाळूखाली भुंगेऱ्यांच्या अळ्या आहेत, तिथे रुंद पानांची वनस्पती मारणारं रसायन शिंपणं म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच मारणं. हाताचं काम कंटाळवाणं असलं तरी निवड करण्याची क्षमता फक्त हातात आहे.

तीही नेहमी असतेच असं नाही. उन्हात तासभर ओणवं राहिल्यावर नवख्या माणसाला हिरवं ते सगळं सारखं दिसायला लागतं. हामाहिरुगाओची कोवळी वेल आणि तण यांत फरक करायला शिकवावं लागतं. त्यातून आणखी कळीचा प्रश्न उभा राहतो: स्थानिक वनस्पतींपैकी तरी किती राखायच्या? दाट वाढलेल्या कोबोमुगीनंही वाळू थांबतेच. नुसती वाळू दिसावी म्हणून सगळंच साफ केलं तर पर्यटकाला हवं ते चित्र मिळेल, पण वाळूत जगणारा स्वतंत्र जीवसमूह नाहीसा होईल. तोत्तोरीतल्या वनस्पती आणि कीटकांच्या अभ्यासकांनी हा मुद्दा मांडला आहे आणि तो मला पूर्ण पटतो. वाळूचा देखावा राखणं आणि वाळूचा निसर्ग राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोमात्सुयोइगुसा काढणं दोन्हींना मानवतं, म्हणून तिच्याबाबत वाद कमी होतो. कोबोमुगीचा प्रश्न आला की दोघांच्या वाटा फुटतात.

कायदा काय म्हणतो

फार काही नाही. २००५ मध्ये अमलात आलेल्या परदेशी जातींविषयीच्या कायद्याखाली ज्या जाती पाळायला, लावायला, वाहून न्यायला बंदी आहे, त्यांत कोमात्सुयोइगुसा नाही. ती आधी ‘लक्ष ठेवावं’ अशा यादीत होती आणि पुढे २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं परिसंस्थेला अपाय करणाऱ्या परदेशी जातींची नवी यादी काढली, तिच्यात आली. हे मला योग्यच वाटतं. रस्त्याकडेला ती काही बिघडवत नाही आणि देशभर बंदी घालून ती जाणारही नाही. २००८ मध्ये तोत्तोरी प्रांतानं टेकड्या राखण्यासाठी आपला वेगळा नियम केला. या प्रकरणाचा निकाल अशा स्थानिक पातळीवरच लागू शकतो, कारण इथे जातीपेक्षा जागा महत्त्वाची आहे.

पुढे काय करायला हवं

एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. वाळूवर झाडोरा येणं हीच निसर्गाची चाल असेल, तर माणसानं मध्ये का पडावं? हा आक्षेप मी हलका मानत नाही. एखादी टेकडी समुद्रापासून तुटली, वारा पडला, तर ती हिरवी होणारच, आणि तशा हिरव्या झालेल्या जुन्या टेकड्या जगभर आहेत. पण तोत्तोरीत वारा आपणहून पडलेला नाही. पाइनचे पट्टे, बंदराचे बांध, नदीतला उपसा हे सगळं माणसांनी केलं. मध्ये पडणं कधीचंच झालं आहे. आता उरतो तो कोणत्या बाजूनं पडायचं हा प्रश्न.

तसं पडायला सुरुवातही झालेली आहे. संरक्षित भागालगतची काही लावलेली झाडं नंतर तोडली गेली, जेणेकरून वाऱ्याला वाट मिळावी. बंदरात साचलेली वाळू उपसून टेकड्यांसमोरच्या किनाऱ्याजवळ परत नेऊन टाकण्याचं कामही चालतं. या दोन्ही कामांत स्वयंसेवकांचे फोटो नसतात, शाळेच्या सहली नसतात. असतात फक्त करवती, बार्ज आणि पैसे. म्हणून ती मागे पडायची भीती असते. उपटलेल्या तणाची पोती मोजता येतात, वाऱ्याला मिळालेली वाट मोजायला वर्षं जातात. तरीही निधीचा मोठा वाटा तिकडे जायला हवा असं माझं ठाम मत आहे. वाळू हलती ठेवली तर कोमात्सुयोइगुसाचं नवं रोप पहिल्या हिवाळ्यातच गाडलं जातं आणि ते काम वारा फुकट करतो. वाळू थांबलेलीच राहिली तर माणसांना तेच रोप दर वर्षी, त्याच जागी, हातानं काढत राहावं लागतं.

शेतकऱ्याच्या शेतात पुन्हा वाळू सोडायची असा याचा अर्थ नाही. राक्क्योच्या शेतांना पाइनचा आडोसा लागतोच आणि तो राहायला हवा. प्रत्येक पट्टा आज कशाचं रक्षण करतो हे तपासून, ज्याच्यामागे आता शेत नाही, घर नाही, अशा पट्ट्यांपुरतंच हे बोलणं आहे.

हाताचं कामही चालू राहावं, फक्त त्याचा क्रम बदलावा. पहिली फेरी शेंगा उकलायच्या आत आटोपायला हवी. हिवाळ्याच्या शेवटी, पानांची चक्रं वाळूला चिकटलेली असताना आणि आजूबाजूला दुसरं फारसं हिरवं नसताना ओळखणं सोपं जातं, तेव्हा थोड्या अनुभवी माणसांनी एक फेरी मारली तर उन्हाळ्यातलं ओझं कमी होईल. आणि सुरुवात उमानोसेच्या उघड्या उतारावरून करू नये. फोटोत तो उतार येतो, म्हणून तिथे माणसं लोटतात, पण तिथला वारा बरंचसं काम स्वतः करतो. सुरुवात करावी ती पाइनच्या आडोशाच्या कडेपासून आणि जिन्यांजवळच्या, वाटांलगतच्या वाळूपासून. तिथे वारा पडलेला असतो, बुटांबरोबर बी तिथेच पहिल्यांदा उतरतं, आणि पुढच्या वर्षीची रोपं तिथूनच आत शिरतात.